जुन्यात की नव्यात? जालन्यात घर शोधणाऱ्यांचा इतिहास

आजचा विषय वरवर पाहता इतिहासाचा वाटणार नाही. बदली होऊन, नोकरी लागून, पोटासाठी किंवा शिक्षणासाठी माणूस नव्या शहरात येतो आणि पहिल्या आठ दिवसांत त्याला एक गोष्ट ठरवावी लागते: राहायचं कुठं? कोणत्या भागात खोली घ्यायची? हा प्रश्न आपण आज जालना शहराला विचारणार आहोत. गेल्या साडेचारशे वर्षांत या शहरात जी माणसं बाहेरून आली, ती कुठं राहिली, आणि ती जागा त्यांनी स्वतः निवडली की दुसऱ्या कुणी त्यांच्यासाठी ठरवली, हे बघायचं आहे.

जालन्यात नवा माणूस आला की त्याला अजूनही विचारतात, "कुठं पाहायलेत घर? जुन्यात का नव्यात?" कुंडलिका नदीच्या एका अंगाला जुना जालना, दुसऱ्या अंगाला नवा जालना. बाहेरच्याला वाटतं, नवा म्हणजे काल-परवाचा असणार. पण हा 'नवा' जालना म्हणजे काद्राबाद, आणि तोही चांगला जुना आहे. १९०१ च्या जनगणनेत जुन्या जालन्याची लोकसंख्या सुमारे २०,००० होती आणि नदीपलीकडचं काद्राबाद वेगळं गाव म्हणून मोजलं गेलं होतं. म्हणजे आज आपण ज्याला एक शहर म्हणतो, ती समोरासमोरच्या दोन काठांवरची दोन गावं होती. शहर जोडलं गेलं, नगरपालिका एक झाली, पण प्रश्न राहिला.

आमचं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकताना तुम्हाला तपासता येईल. आपण वस्ती निवडतो असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात निवड तीन गोष्टी करतात: काम कुठं आहे, पाणी कुठं आहे, आणि आपल्या नावाला दार कोण उघडतं. जालन्याचा प्रत्येक मोहल्ला या तिन्हींच्या ओढाताणीतून बसलेला आहे. आणि ज्याच्याकडं पैसा कमी, त्याची निवड कमी. हे तेव्हाही होतं, आताही आहे.

सुरुवात करू सोळाव्या शतकापासून. जालना हे नाव कसं पडलं याची एक दंतकथा आहे. रामायणाच्या काळी सीतेचं वास्तव्य इथं होतं म्हणून गावाला जनकपूर म्हणत, आणि पुढं एका श्रीमंत मुसलमान विणकराच्या, म्हणजे जुलाह्याच्या, विनंतीवरून ते जालना झालं. दंतकथेला इतिहास म्हणू नये. पण दंतकथा काय लक्षात ठेवते, तेही बघावं. गावाने आपल्या नावाचं श्रेय राजाला दिलेलं नाही, सरदाराला दिलेलं नाही. हातमागावर काम करणाऱ्या एका कारागिराला दिलं आहे. पुढं रेशीम आणि जरीच्या कामासाठी जालन्याचं नाव होतं, हे लक्षात घेतलं म्हणजे ही कथा का टिकली ते कळतं.

निजामशाहीच्या काळात, सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, इथं जमशेदखान नावाचा अंमलदार होता. त्याच्या नावावर इथं तीन कामं सांगितली जातात: मशीद, सराई आणि तलाव. मशीद म्हणजे काळी मशीद. तलाव म्हणजे मोती तलाव, आणि त्या तलावातून जमिनीखालच्या नळांनी गावातल्या हौदांपर्यंत पाणी नेलेलं होतं. आता नवख्या माणसाच्या नजरेनं ही तीन कामं बघा. सराई म्हणजे काय, तर वाटसरूचा मुक्काम. व्यापारी, यात्रेकरू, शिपाई येतो, सराईत उतरतो, घोडा बांधतो, चार दिवस गावाचा अंदाज घेतो. मशिदीत ओळख होते. हौदावर पाणी मिळतं. मग तो ठरवतो की पुढं जायचं की इथंच राहायचं. आज आपण नव्या शहरात आधी लॉजवर किंवा एखाद्या नातेवाइकाकडं उतरतो आणि मग खोली शोधतो. चारशे वर्षांपूर्वीची रीतही हीच. फरक इतकाच की तेव्हा राज्यकर्त्याला हे समजलेलं होतं की लोक यावेत असं वाटत असेल तर आधी त्यांना उतरायला जागा आणि प्यायला पाणी द्यावं लागतं.

अकबराच्या दरबारातला अबुल फजल दख्खनच्या मोहिमेच्या दिवसांत काही काळ जालन्यात राहिला होता, अशी परंपरा आहे. औरंगजेब दख्खनचा सुभेदार असताना इथं येऊन गेला. थोरामोठ्यांच्या मुक्कामाच्या अशा नोंदी सापडतात. त्यांच्यामागं आलेल्या सईसांच्या, स्वयंपाक्यांच्या, तंबू ठोकणाऱ्यांच्या सापडत नाहीत. त्यांचा माग काढायचा तर मोहल्ल्यांची नावं वाचावी लागतात.

जालन्यातली काही नावं घेऊ. टट्टूपुरा, रहमानगंज, लक्कडकोट, लोहार मोहल्ला, पाणीवेस, बडी सडक, मंगळबाजार. 'पुरा' म्हणजे वसवलेली पेठ. 'गंज' म्हणजे धान्याचा बाजार. 'वेस' म्हणजे गावकुसाचा दरवाजा, आणि पाणीवेस म्हणजे पाण्याकडे जाणारा दरवाजा. नुसत्या नावावरून इतिहास सिद्ध होत नाही, हे खरं. पण एक गोष्ट दिसते. जुन्या शहरात वस्तीची ओळख धंद्याची, बाजाराची किंवा पाण्याची आहे. लोहार आला तर तो लोहारांत राहणार, कारण तिथंच भाता आहे, कोळसा आहे आणि लग्नाला मुलगीही आहे. निवडीचा प्रश्न त्याच्यापुढं येतच नव्हता. आपल्याला यात आपुलकी दिसते, आणि ती होतीच. पण याच रचनेत ज्यांचं काम 'हलकं' ठरवलेलं होतं, त्यांची घरंही गावकुसाबाहेर ठरलेली होती. एकाच व्यवस्थेनं एकाला शेजार दिला आणि दुसऱ्याला वेशीबाहेर ठेवलं.

अठराव्या शतकात हैदराबादच्या आसफजाही घराण्याचा अंमल आला. पहिल्या निजामाच्या, म्हणजे निजाम-उल-मुल्काच्या हुकमावरून १७२५ साली इथला किल्ला बांधला गेला, तोच मस्तगड. किल्ला झाला की कचेरी येते, कचेरी आली की कारकून, वकील, सावकार येतात. नदीपलीकडं काद्राबादेत धान्याचा आणि कापसाचा व्यापार वाढला. म्हणजे सत्तेचा काठ आणि व्यापाराचा काठ हळूहळू वेगळे होत गेले, आणि नवख्या माणसाचा काठ त्याच्या धंद्यावरून ठरू लागला.

पुढची मोठी घडामोड लष्कराची. १८०३ च्या इंग्रज-मराठा युद्धात, सप्टेंबरच्या सुरुवातीलाच, कर्नल स्टीव्हन्सनने जालन्याचा किल्ला घेतला. त्याच महिन्याच्या २३ तारखेला असईची प्रसिद्ध लढाई झाली; ते असई गाव आज जालना जिल्ह्यातच आहे. त्यानंतर १८२७ च्या सुमारास जालन्याला लष्करी छावणी बसली. छावणी ही वस्तीची अगदी वेगळी तऱ्हा. पुरा आणि मोहल्ला माणसांनी हळूहळू भरतो, पण छावणी आधी कागदावर आखली जाते. साहेबाचे बंगले कुठं, शिपायांच्या बराकी कुठं, आणि या सगळ्यांना दूध, पीठ, कापड, चामडं पुरवणाऱ्यांचा बाजार कुठं, हे सगळं ठरलेलं. त्या बाजाराला हिंदुस्थानभर एकच नाव असायचं: सदर बाजार. जालन्याचा सदर बाजार हे नाव आजही रोज तोंडात आहे. ते उच्चारताना आपण छावणीचा नकाशाच उच्चारत असतो.

आणि मग १९०३ मध्ये हैदराबाद कंटिन्जंट, म्हणजे निजामाच्या खर्चानं इंग्रजांनी ठेवलेली फौज, मोडली गेली. ज्या मालकाच्या भरवशावर हजारो माणसं येऊन वसली होती, तो मालकच उठून गेला. अशा वेळी वस्तीचं काय होतं? काही माणसं दुसऱ्या छावणीमागं जातात. काही राहतात आणि नवा धंदा धरतात. एकाच मालकावर उभ्या असलेल्या वस्तीत घर घेताना हा धोका असतो, हे जालन्यानं शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी पाहिलेलं आहे. ज्या मंडळींनी गिरणी बंद पडल्यावरचं मुंबईतलं गिरणगाव पाहिलं, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

याच छावणीच्या काळात जालन्याजवळ एक प्रयोग झाला, आणि आजच्या विषयात आम्हाला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. नारायण शेषाद्री हे नाव मराठी वाचकांना १८४३ सालच्या शेषाद्री प्रकरणामुळं माहीत असतं. मुंबईत शिकणाऱ्या या ब्राह्मण तरुणानं ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत याच्यावरून कोर्टकज्जा झाला, बाळशास्त्री जांभेकरांनी श्रीपतला प्रायश्चित्त देऊन परत घेण्याची बाजू धरली, आणि महाराष्ट्रात मोठा वाद पेटला. पुढं नारायण शेषाद्री स्कॉटिश मिशनचे पाद्री म्हणून जालन्याला आले. त्यांच्याकडं येणाऱ्यांत मांग आणि महार समाजातली कुटुंबं मोठ्या संख्येनं होती. आता या कुटुंबांनी राहायचं कुठं? मूळ गावात राहावं तर जुनी हद्द कायम आणि वर धर्म बदलल्याचा राग. शहरात यावं तर खोली कोण देणार? शेषाद्रींनी हैदराबादचे दिवाण सर सालारजंग यांच्याकडून जालन्याजवळ जमीन मिळवली आणि तिथं एक नवं गावच वसवलं. त्याचं नाव बेथेल. तिथं घरं झाली, शेती झाली, शाळा झाली, प्रार्थनामंदिर झालं.

धर्मांतराबद्दल तुमचं-आमचं मत काही असो, तो आजचा विषय नाही. वस्तीच्या इतिहासाच्या दृष्टीनं बघितलं तर ज्यांना कुठलाच मोहल्ला दार उघडत नव्हता, त्यांनी आपला मोहल्ला नव्यानं उभा केला. मात्र त्यासाठी तीन गोष्टी लागल्या: कुणीतरी पुढाकार घेणारा, सरकारदरबारातून मिळालेली जमीन, आणि त्या जमिनीवर पोट भरण्याची सोय. यातलं एक जरी नसतं तर गाव वसलं नसतं. आज घरकुल योजनांत शहरापासून लांब इमारती उभ्या राहतात आणि माणसं तिथं राहायला जात नाहीत, तेव्हा यातली तिसरी गोष्ट विसरलेली असते.

आता रेल्वे. १९०० च्या सुमारास हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेनं मनमाड आणि हैदराबाद जोडलं आणि जालना त्या मार्गावर आलं. कापसाच्या जिनिंग-प्रेसिंगला जोर आला. मोंढा वाढला. मराठवाड्याबाहेरच्या श्रोत्यांसाठी सांगतो, आमच्याकडं शेतमालाच्या घाऊक बाजाराला मोंढा म्हणतात. मोंढ्यात अडत दुकानं आली, मारवाडी, गुजराती, कच्छी व्यापारी आले, हमाल आले, बैलगाड्यांचे तळ पडले. 'जालना, सोने का पालना' ही म्हण सगळ्यांनी ऐकलेली आहे. आम्ही विचारतो, पाळणा कुणासाठी? अडत्याचं घर दुकानाच्या वर होतं किंवा मागच्या गल्लीत होतं. हमालाचं घर पाय नेतील तिथं.

ही माणसं आली कशी? एकटी नाही आली. एक आला, त्यानं दुसऱ्याला बोलावलं, दुसऱ्यानं मेव्हण्याला. इंग्लंडमध्ये राव्हेन्स्टाइन नावाच्या अभ्यासकानं १८८५ साली स्थलांतराचे काही नियम मांडले. त्यातला एक असा की बहुतेक माणसं लांब जात नाहीत, टप्प्याटप्प्यानं सरकतात. आपल्याकडं बघा: मंठ्याजवळच्या खेड्यातून माणूस आधी मंठ्याला येतो, मग जालन्याला, त्याचा मुलगा औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, आणि नातू पुण्याला. प्रत्येक टप्प्यावर आधी गेलेला कुणीतरी असतो. मुंबईच्या गिरणगावात कोकणातल्या एकेका गावाच्या खोल्या होत्या. एका खोलीत गावचे दहा-पंधरा गडी राहायचे, खानावळीत जेवायचे. आज पुण्याच्या पेठांत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी आपल्या जालना जिल्ह्यातली पोरं कॉट बेसिसवर राहतात. ती तिथंच का जातात? अभ्यासिका तिथं आहेत म्हणून, आणि आधी गेलेला गावचा दादा तिथं आहे म्हणून. वस्ती निवडण्याचं सगळ्यांत जुनं साधन ओळख हेच आहे. ते फार उपयोगी आहे. पण जिथं आपली ओळख नाही, तिथं ते आपल्याला नेतच नाही, ही त्याची मर्यादा.

१९४७-४८ मध्ये या भागातली घरं दोन्ही दिशांनी हलली. रझाकारांच्या काळात अनेक हिंदू कुटुंबं संस्थानाची हद्द ओलांडून गेली. जालन्याहून वऱ्हाडाची हद्द जवळच होती. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर मराठवाड्यात मुसलमानांवर हल्ले झाले, आणि अनेक कुटुंबांनी खेडी सोडून शहरातले आपल्या लोकांचे मोहल्ले गाठले. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांची आठवण जालन्यात 'सिंधी बाजार' या नावात राहिली आहे. भीतीनं माणूस आपल्यासारख्यांच्या जवळ जातो. ती भीती ओसरते, पण तिच्यामुळं बसलेली वस्ती तशीच राहते, आणि पुढच्या पिढीला वाटतं की हे पहिल्यापासून असंच होतं.

१९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. १९७२ च्या दुष्काळानं खेडी हलवली. खडी फोडायला गेलेली माणसं सगळीच परत फिरली नाहीत. १९७८ मध्ये विद्यापीठाच्या नामांतरावरून मराठवाड्यात दंगली झाल्या, दलितांची घरं जळली, आणि पुष्कळ कुटुंबांनी खेडं सोडून शहर जवळ केलं. आणि १ मे १९८१ रोजी औरंगाबादपासून वेगळा होऊन जालना जिल्हा झाला.

जिल्हा झाला म्हणजे काय झालं? कलेक्टर कचेरी, जिल्हा परिषद, न्यायालय, एसपी ऑफिस आलं. बदलीची नोकरी करणारा एक मोठा वर्ग शहरात आला: शिक्षक, कारकून, ग्रामसेवक, इंजिनिअर, बँकेतली माणसं. हा वर्ग जुन्या मोहल्ल्यात मावणारा नव्हता आणि त्याला तिथं राहायचंही नव्हतं. त्याला प्लॉट हवा होता. मग नावं बदलली. पुरा, गंज, मोहल्ला मागं पडलं आणि 'नगर', 'कॉलनी', 'वसाहत' आली. अंबड चौफुली, मंठा चौफुली, भोकरदन नाका ही पूर्वी गावाबाहेर जाण्याची ठिकाणं. ती आता पत्ता सांगण्याची ठिकाणं झाली. या नगरांत पहिल्यांदाच वेगवेगळ्या जातीची माणसं पगाराच्या आधारावर शेजारी आली. ही मोठीच गोष्ट होती. पण ज्यांना पगार नव्हता ते गुंठ्यावर गेले. शेतजमिनीचे परवानगीशिवाय पाडलेले तुकडे स्टँप पेपरवर विकले गेले. त्यांना रस्ता नाही, नाली नाही, नळ नाही. सरकारला २००१ मध्ये गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा करावा लागला, आणि २०२१ मध्ये त्याची मुदत वाढवून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांपर्यंत न्यावी लागली. ही मुदत का वाढवावी लागली? कारण स्वस्त आणि कायदेशीर प्लॉट शहरानं पुरेसे दिलेच नाहीत.

कारखान्यांकडं वळू. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको ही बियाण्यांची कंपनी सुरू केली. १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. बियाण्यांच्या धंद्यानं शहराला शास्त्रज्ञ दिले, विक्रेते दिले. पुढं लोखंडी सळयांचे कारखाने वाढले आणि जालना सळईचं शहर म्हणून देशभर माहीत झालं. भट्टीवर काम करायला उत्तर प्रदेश, बिहारकडचे कामगार आले. ते राहतात कुठं? औरंगाबाद रस्त्यावर एमआयडीसीच्या कडेनं, चंदनझिऱ्याच्या बाजूला, रांगेनं बांधलेल्या खोल्यांत. 'झिरा' म्हणजे काय हे जुन्या माणसांना सांगायला नको. नदीच्या वाळूत, ओढ्याच्या काठी उकरून पाणी काढतात तो झिरा. वस्तीचं नाव पाण्यावरून आहे आणि कामगाराचा दिवस पाण्याच्या रांगेत सुरू होतो.

आता तिसऱ्या गोष्टीकडं, दाराकडं. सप्टेंबर १९१७ मध्ये एक उच्चशिक्षित तरुण नोकरीसाठी बडोद्याला गेला. कोलंबिया विद्यापीठात आणि लंडनमध्ये शिकून आलेला. त्याला शहरात राहायला जागा मिळेना. एका पारशी विश्रामगृहात त्याला पारशी नाव धारण करून राहावं लागलं. अकरा दिवसांनंतर काठ्या घेतलेले लोक दारात आले आणि त्याला बाहेर काढलं. एका हिंदू मित्राकडं आणि एका ख्रिस्ती मित्राकडं त्यानं आसरा विचारला. दोघांनी दिला नाही. मुंबईची गाडी येईपर्यंत तो एका बागेत बसून राहिला. तो तरुण म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यांनी ही हकिगत स्वतः लिहून ठेवली आहे. याच आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९५० मध्ये औरंगाबादला महाविद्यालय सुरू केलं, जे पुढं मिलिंद म्हणून नावाजलं. मराठवाड्यातल्या खेड्यांतली मुलं तिथं शिकायला आली. ज्याला शहरात खोली मिळाली नव्हती, त्याच्या संस्थेमुळं हजारोंना शहरात पाऊल ठेवता आलं.

तुम्ही म्हणाल, ते १९१७. आज काय? आज घर दाखवताना विचारतात, "आडनाव काय?" "मटण-मच्छी चालतं का तुमच्यात?" "मिस्टर सोबत राहणार ना?" शेवटचा प्रश्न एकट्या बाईला. कुणी 'नाही' म्हणत नाही. म्हणतात, "खोली आत्ताच गेली." घटनेचं पंधरावं कलम मुख्यतः सरकारला बांधतं, खासगी घरमालकाला थेट बांधत नाही. २००५ मध्ये अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं संस्थेला सदस्यत्व आपल्या समाजापुरतं ठेवायची मुभा मान्य केली. म्हणजे कायद्याचं दार इथं अर्धंच उघडं आहे. उरलेलं अर्धं घरमालकाच्या हातात, म्हणजे तुमच्या-आमच्या हातात आहे. आपल्यातले किती जण वरची एक खोली भाड्यानं देतात, ते मनाशी मोजा.

आणि पाणी. ते पहिल्यापासून आपल्यासोबत आहे. निजामाच्या काळात घाणेवाडीचा तलाव झाला. तिथून नव्या जालन्याला पंपाशिवाय, उतारानं पाणी येतं. जुन्या जालन्याची तहान वेगळ्या योजनांवर राहिली, आणि पुढं २०१३ च्या सुमारास पैठणच्या जायकवाडीतून थेट जलवाहिनी आली. म्हणजे 'जुन्यात की नव्यात' या प्रश्नाच्या पोटात पाण्याचा प्रश्न आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात राज्यात सगळ्यांत जास्त होरपळलेल्या जिल्ह्यांत जालना होता. त्या वर्षी शहरात भाड्याचं घर बघायला आलेली बाई आधी हॉल बघत नव्हती. ती विचारायची, "नळ किती दिवसांनी येतो? बोअरला पाणी आहे का? टँकर गल्लीत शिरतो का?" घर कागदावर बहुधा पुरुष ठरवतो, पण त्या निवडीचं ओझं हंड्यानं बाई वाहते. म्हणून आम्ही सगळ्यांना सांगतो, घर बघायला जाताना घरात जिला पाणी भरावं लागणार आहे तिला सोबत न्या, आणि उन्हाळ्यात बघा. पावसाळ्यात प्रत्येक वस्ती चांगली दिसते.

आज जालना पुन्हा एका वळणावर आहे. समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून गेला. नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला. ड्रायपोर्टची पायाभरणी २०१५ मध्ये झाली. रसायन तंत्रज्ञान संस्थेचं केंद्र जालन्यात आलं. २०२३ मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली, आणि त्याच वर्षाच्या शेवटी मुंबईची वंदे भारत सुरू झाली. रस्त्याच्या कडेला नव्या पाट्या लागल्यात, आणि आता नावात 'नगर' नाही, 'सिटी', 'पार्क', 'रेसिडेन्सी' आहे. माणसं येणार आहेत. प्रश्न असा की गोदामात माल चढवणारा, ट्रकवरचा क्लीनर, प्रयोगशाळेत काम करायला एकटी आलेली मुलगी, ही कुठं राहणार? जमशेदखानानं सराई आणि हौद बांधले होते. आपल्या नव्या महानगरपालिकेच्या आराखड्यात भाड्याच्या स्वस्त खोल्या, नोकरी करणाऱ्या बायकांची वसतिगृहं, कामगारांच्या वस्तीला नळ, हे कुठल्या पानावर आहे? ते आपण विचारलं पाहिजे, कारण आज न विचारलेलं उद्या गुंठेवारी होऊन समोर येतं.

नव्यानं येणाऱ्यांना या इतिहासातून चार कामाच्या गोष्टी सांगतो. कामाच्या जागेच्या अगदी भिंतीला लागून घर घेताना तो मालक किती काळ टिकेल याचा विचार करा. छावणी उठली तशी फॅक्टरीही उठते. पाण्याची चौकशी घरमालकाकडं करू नका, शेजारणीकडं करा. भाडेकरार तोंडी ठेवू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ प्रमाणं करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते. नोंदणी नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. आणि चौथी गोष्ट: ओळखीच्या माणसाच्या मोहल्ल्यात उतरा जरूर, पण सहा महिन्यांनी नदी ओलांडून पलीकडचा काठही बघून या.

घरमालकांना एकच सांगणं. या शहरात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या प्रत्येक घराचा पहिला माणूस कधीतरी गाठोडं घेऊन कुठल्या तरी दारात उभा राहिला होता. कुणीतरी त्याला 'या' म्हटलं म्हणून आज आपलं आडनाव इथल्या पाटीवर आहे. पुढच्या वेळी कुणी खोली विचारायला आलं, तर आडनावाआधी त्याला पाणी विचारा.

इथं थांबतो. आता तुमच्या मोहल्ल्यांच्या नावांबद्दल काही प्रश्न असतील तर घेऊ.